साहेब ह्यावेळी उभे राहणार नाहीत म्हणे! ज्येष्ठ खासदारांच्या निवृत्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की मुंबईत दोन चर्चा हमखास सुरू होतात, तिकीट कुणाला आणि पत्ता कुणाचा कट. त्यातच मग "साहेब ह्यावेळी स्वतःच नाही म्हणालेत" अशी तिसरी बातमी येते आणि सोसायटीच्या ग्रुपवर, लोकलमध्ये, पक्षाच्या शाखेबाहेर तेच तेच प्रश्न फिरत राहतात. ते इथे एकत्र केलेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो, ज्येष्ठ माणसाने थांबायचं ठरवलं तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण ते मतदाराला वेळेत कळलं पाहिजे, त्याच्या स्वतःच्या तोंडून कळलं पाहिजे, आणि काय केलं, काय राहिलं ह्याच्या यादीसकट कळलं पाहिजे. खालची बरीचशी उत्तरं फिरून तिथेच येतील.

खासदार रिटायर होतो म्हणजे नक्की काय होतं? राजीनामा देतो का?

नाही, बहुतेक वेळा राजीनामा वगैरे काही नसतो. लोकसभेची मुदत पाच वर्षांची, ती संपली की सगळेच माजी. जो रिटायर होतो तो फक्त पुढचा फॉर्म भरत नाही, एवढंच. म्हणजे घोषणा आज केली तरी लोकसभा विसर्जित होईपर्यंत तो तुमचा खासदारच असतो आणि पगार, निधी, मतदान, प्रश्न विचारायचा हक्क सगळं चालू असतं. राज्यसभेचं वेगळं आहे, ती कधी विसर्जित होत नाही, प्रत्येकाची मुदत सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य बाहेर पडतात, त्यामुळे तिथे निवृत्ती हा ठरलेला कार्यक्रमच असतो, निरोपाची भाषणं पण होतात.

मग थकले असतील तर मध्येच राजीनामा का देत नाहीत? निदान नवीन माणूस तरी येईल.

वाटतं तितकं सोपं नाही. राजीनामा लोकसभेच्या अध्यक्षांनी स्वीकारला की जागा रिकामी होते आणि कायद्याप्रमाणे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायला हवी, पण मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ती घ्यावी लागत नाही. आणि वर्षापेक्षा जास्त उरली असली तरी होईलच असं नाही, पुण्याचं बघा ना. गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये वारले, पोटनिवडणूक लागलीच नाही, डिसेंबरात मुंबई हायकोर्टाने निवडणूक आयोगाला ती घ्यायला सांगितली, जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, आणि पुण्यासारखं शहर वर्षभराहून जास्त काळ खासदाराशिवाय राहिलं. त्यामुळे शेवटच्या वर्षात राजीनामा देण्यापेक्षा मुदत पूर्ण करून थांबणं मतदारसंघाच्या दृष्टीने बरं.

वयाची अट आहे का? ७५ नंतर चालत नाही असं ऐकलंय.

संविधानात खालची अट आहे, लोकसभेला २५ आणि राज्यसभेला ३०. वरची नाहीच. मोरारजी देसाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. मणिपूरचे रिशांग कीशिंग १९५२ च्या पहिल्या लोकसभेत होते आणि राज्यसभेतून निवृत्त झाले २०१४ मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास.

७५ चा आकडा भाजपमधून आला. २०१९ च्या निवडणुकीत ७५ च्या वरच्यांना तिकीट द्यायचं नाही असं पक्षाने ठरवलं आणि अडवाणी, मुरली मनोहर जोशी ह्यांची नावं यादीत आली नाहीत. गांधीनगरला अडवाणींच्या जागी अमित शहा उभे राहिले. हा पक्षाचा निर्णय, देशाचा कायदा नाही. आणि माझ्या मते वयाचा एकच आकडा सगळ्यांना लावणं बरोबर पण नाही, ऐंशीचा माणूस सभागृहात रोज बसून कागद वाचून येत असेल आणि पंचेचाळिशीचा फिरकतच नसेल तर मी ऐंशीच्याला मत देईन.

स्वतःहून थांबले की पक्षाने थांबवलं हे ओळखायचं कसं?

तारीख बघा. खरंच स्वतःहून थांबणारा माणूस उमेदवारीच्या याद्या यायच्या खूप आधी बोलतो. सुषमा स्वराज ह्यांनी नोव्हेंबर २०१८ मध्येच तब्येतीचं कारण देऊन सांगून टाकलं की २०१९ ची लोकसभा लढवणार नाही. त्यांच्या विदिशा मतदारसंघातल्या लोकांना पाच-सहा महिने मिळाले.

आता दुसरी बाजू. सुमित्रा महाजन, चिपळूणच्या माहेरवाशीण, इंदूरमधून सलग आठ वेळा निवडून आलेल्या, लोकसभेच्या अध्यक्ष. २०१९ च्या एप्रिलपर्यंत पक्ष इंदूरचं नावच जाहीर करेना. शेवटी ५ एप्रिलला त्यांनीच पत्र काढलं की मी लढणार नाही, आता पक्षाने संकोच न ठेवता निर्णय घ्यावा. म्हटलं तर ही स्वतःहून निवृत्ती. पण ते पत्र वाचताना मला वाईट वाटलं होतं, तीस वर्षं एक शहर सांभाळणाऱ्या बाईला हे असं कळवावं लागू नये. पक्षाने त्यांना सहा महिने आधी घरी येऊन सांगितलं असतं तर इंदूरने त्यांना वाजतगाजत निरोप दिला असता.

आणि आपल्या मुंबईचं २०२४. उत्तर मुंबईत गोपाळ शेट्टींऐवजी पियूष गोयल, ईशान्य मुंबईत मनोज कोटकांऐवजी मिहीर कोटेचा, ही नावं निदान १३ मार्चला तरी आली. उत्तर मध्य मुंबईत पूनम महाजन दोन टर्मच्या खासदार, त्यांच्या जागी उज्ज्वल निकम हे कळलं २७ एप्रिलला. वायव्य मुंबईत गजानन कीर्तिकरांऐवजी रवींद्र वायकर ३० एप्रिलला. फॉर्म भरायची शेवटची तारीख ३ मे, मतदान २० मे! म्हणजे वांद्रे-कुर्ल्याच्या मतदाराला आपला खासदार परत उभा राहतोय की नाही हे मतदानाच्या २३ दिवस आधीपर्यंत माहीतच नव्हतं. अशा वेळी "मी थांबतोय" म्हणायची संधी पण माणसाला मिळत नाही, यादी आली की विषय संपला. पक्ष कुठलाही असो, ही पद्धत मला मतदाराचा अपमान वाटते.

हर्षवर्धन ह्यांचं पण लक्षात आहे, दिल्लीच्या चांदनी चौकातून २०२४ ला तिकीट नाही मिळालं, दुसऱ्या दिवशी त्यांनी राजकारण सोडतोय आणि माझा कान-नाक-घशाचा दवाखाना वाट बघतोय असं लिहिलं. तिकीट कापलं गेलं होतं हे खरं, पण हातात परत जायला काम असलेला माणूस कसा मोकळा होतो ते तिथे दिसलं.

लोकसभेला नाही म्हणतात आणि मग राज्यसभेत दिसतात. ही कसली निवृत्ती?

ही निवृत्ती नाही, जागा बदलणं आहे, आणि तसंच म्हणावं. शरद पवारांनी २०१४ मध्ये लोकसभा लढवली नाही, राज्यसभेत गेले. सोनिया गांधींनी फेब्रुवारी २०२४ मध्ये रायबरेलीच्या लोकांना पत्र लिहून सांगितलं की तब्येत आणि वयामुळे आता लोकसभा लढवणार नाही, आणि राजस्थानातून राज्यसभेवर गेल्या. त्या पत्राबद्दल मला आदर आहे कारण ते थेट मतदारांच्या नावाने होतं, पत्रकार परिषद घेऊन उरकलं नव्हतं.

राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात, गल्लीबोळ फिरावी लागत नाही, त्यामुळे वय झालेल्या पण डोकं तल्लख असलेल्या माणसाला ती जागा योग्य आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फक्त "राजकीय संन्यास" वगैरे हेडलाइन नको.

जागा मुलालाच नाहीतर मुलीलाच द्यायची असेल तर त्याला निवृत्ती म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि चिडून येतो. सोलापूरला सुशीलकुमार शिंदे थांबले आणि २०२४ ला प्रणिती शिंदे उभ्या राहिल्या, निवडून आल्या. बारामतीत २००९ ला सुप्रिया सुळे आल्या तेव्हा पवार थांबले नव्हते, ते माढ्यातून लढले. त्या दोघीही मतं मागून निवडून आल्या हे विसरून चालणार नाही, शेवटी बटण लोकच दाबतात. पण त्याच मतदारसंघात वीस वर्षं सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला साधं विचारलं पण जात नाही, तो राग खरा आहे आणि तो मी हलका करणार नाही.

वायव्य मुंबईत तर वेगळंच झालं. गजानन कीर्तिकर दोन टर्म खासदार, शिवसेना फुटल्यावर ते एकनाथ शिंदेंबरोबर आणि मुलगा अमोल उद्धव ठाकरेंबरोबर. वडील २०२४ ला उभे राहिले नाहीत, मुलगा दुसऱ्या बाजूने उभा राहिला आणि ४८ मतांनी हरला. अठ्ठेचाळीस! गोरेगाव-जोगेश्वरीच्या एखाद्या मोठ्या चाळीत ह्यापेक्षा जास्त मतदार असतील.

एकदा जाहीर केलं की परत फिरता येतं का?

कायद्याने काहीच बंधन नाही. घोषणा ही घोषणा. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत माणूस मन बदलू शकतो. मे २०२३ मध्ये पवारांनी यशवंतराव चव्हाण सेंटरला पक्षाचं अध्यक्षपद सोडतोय असं सांगितलं, सभागृहात कार्यकर्ते रडले, तीन दिवसांनी निर्णय मागे. ते पक्षाचं पद होतं, संसदेचं नव्हे, पण माणसं थांबू देत नाहीत हे पण तेव्हा दिसलं. बरेच नेते अडकतात ते इथे, आजूबाजूच्या दोनशे लोकांचं सगळं त्यांच्या खुर्चीवर चाललेलं असतं.

आणि शब्द पाळलेला माणूस पण आपलाच आहे, नानाजी देशमुख, हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. १९७७ ला बलरामपूरमधून निवडून आले, साठी झाली की सत्तेच्या राजकारणातून बाजूला व्हावं असं बोलले आणि १९७८ मध्ये खरंच झाले, आधी गोंडा मग चित्रकूट, गावांच्या कामात आयुष्य घातलं. पुढे राज्यसभेवर होते ते राष्ट्रपतींनी नेमलेले म्हणून, निवडणूक परत लढवली नाही.

घोषणा झाल्यावर उरलेले महिने तो सभागृहात काय करतो? टाइमपास?

तसं नसावं. व्हिप, म्हणजे मतदान कसं करायचं ह्याचा पक्षाचा आदेश, शेवटच्या दिवसापर्यंत लागू असतो, पक्षांतरबंदी कायदा पण. मनमोहन सिंग ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीच्या विधेयकाच्या वेळी व्हीलचेअरवर बसून राज्यसभेत आले होते, वय नव्वद, निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत असताना. एप्रिल २०२४ मध्ये ते निवृत्त झाले, ३३ वर्षांनी. त्यांच्या विरोधकांनी पण निरोपाच्या भाषणात त्या व्हीलचेअरचा उल्लेख केला.

एक गोष्ट लक्षात ठेवा, लोकसभेत मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं खाजगी विधेयक लोकसभा विसर्जित झाली की रद्द होतं. तसंही आतापर्यंत अशी फक्त १४ विधेयकं कायदा झालीत आणि शेवटचं १९७० मध्ये. त्यामुळे साहेबांनी तुमच्या विषयावर विधेयक टाकलं असेल तर त्याचा मसुदा मागून घ्या, पुढच्याच्या हातात द्यायला उपयोगी पडतो.

खासदार निधीतून मंजूर झालेलं आमच्या गल्लीतलं काम बुडणार का?

बहुतेक नाही. वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, पैसे खासदाराच्या खात्यात नसतात, काम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत चालतं, मंजूर झालेलं काम पूर्ण करायचं असतं आणि लोकसभेच्या खासदाराची न वापरलेली शिल्लक त्याच मतदारसंघाच्या पुढच्या खासदाराकडे जाते. पण आचारसंहितेचा फटका बसतो: वर्क ऑर्डर निघाली पण जागेवर कुदळ पडली नाही, तर निवडणूक संपेपर्यंत ते काम सुरू करता येत नाही. म्हणून जाणाऱ्या खासदाराच्या मागे शेवटच्या जानेवारी-फेब्रुवारीत लागायचं. चौकशी कुठे? उपनगरात असाल तर वांद्रे पूर्वेचं जिल्हाधिकारी कार्यालय, शहरात असाल तर फोर्टमधलं ओल्ड कस्टम हाऊस. दक्षिण मध्य मुंबई दोन्हीकडे पसरलीय, धारावी शहरात आणि चेंबूर उपनगरात, तिथल्या लोकांनी आधी आपलं काम कुठल्या ऑफिसात नोंदलंय ते बघा म्हणजे हेलपाटा वाचेल.

माझं पत्र त्यांच्या ऑफिसात अडकलंय. आता काय?

हा खरा प्रश्न, बाकी सगळी चर्चा. खासदाराच्या ऑफिसात कोण येतं ते एकदा सकाळी बसून बघा. टाटा हॉस्पिटलचं एस्टिमेट घेऊन पंतप्रधान सहायता निधीसाठी शिफारस मागायला आलेली माणसं, गणपतीला कोकणात जायचं तर वेटिंगवालं तिकीट कन्फर्म व्हावं म्हणून लेटरहेड मागणारे, पेन्शन अडकलेले, पासपोर्ट अडकलेले. एका निवडणुकीनंतर मी एका ऑफिसात, कुठलं ते सांगत नाही, एका मावशींबरोबर गेलो होतो, त्यांच्या यजमानांची केमो चालू होती. बाहेरचा बोर्ड उतरवलेला, भिंतीवर चार स्क्रूची भोकं, आत टेबलावर आवक रजिस्टर उघडं पडलेलं आणि त्यात मावशींच्या नावापुढे तारीख, विषय, आणि "काय केलं" च्या रकान्यात काहीच नाही. पत्र निघालंच नव्हतं. जो पीए हे सगळं डोक्यात ठेवायचा त्याचं काम निकालाच्या दिवशीच संपलेलं, तो दुसरी नोकरी शोधत होता. त्याचा दोष नव्हता. जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने एकदा एकत्र बसून ते रजिस्टर पुढे सरकवायला हवं होतं, आणि तसं करायची कुणावर सक्तीच नाहीये.

तेव्हा असं करा. साहेब थांबतायत अशी कुणकुण लागली की लगेच ऑफिसात जा, तुमच्या पत्राचा जावक नंबर आणि तारीख लिहून घ्या, पत्राची कॉपी मागा, दिल्लीहून उत्तर आलं असेल तर त्याचा संदर्भ नंबर पण. पत्र निघालं असेल तर खासदार बदलला म्हणून अर्ज आपोआप रद्द होत नाही, तो ज्या खात्याकडे गेला तिथेच असतो. निघालं नसेल तर नवीन खासदाराकडे पहिल्या आठवड्यातच नवीन पत्र. आणि पीएचा स्वतःचा मोबाइल नंबर घेऊन ठेवा, चांगले पीए पद गेल्यावर पण फोन उचलतात.

पेन्शन किती मिळते? बंगला?

मार्च २०२५ मध्ये दर वाढले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. माजी खासदाराला महिना ३१,००० रुपये आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला २,५०० जादा. म्हणजे २५ वर्षं खासदार असलेल्याला ८१,०००. रेल्वेचा पास असतो, औषधोपचाराची सोय असते. दिल्लीचा बंगला लोकसभा विसर्जित झाल्यावर महिन्याभरात सोडायचा असतो, काही जण सोडत नाहीत आणि मग नोटिसा निघतात.

रिटायर झाले आणि राज्यपाल झाले, हे कसं?

राज्यपाल संसदेचा सदस्य राहू शकत नाही, त्यामुळे खासदारकी संपवून जाणारे बरेच. भगतसिंग कोश्यारी २०१९ ला नैनितालमधून लढले नाहीत आणि त्याच सप्टेंबरात आपल्या मलबार हिलच्या राजभवनात आले. राज्यपालपद हे न लढल्याचं बक्षीस होऊ नये असं मला वाटतं, पण प्रत्येक नेमणूक तशीच असते असं नाही, खाली राम नाईकांचं वाचा.

ब्रिटनमध्ये म्हणे शंभरेक खासदार एकदम थांबतात?

हो, २०२४ च्या निवडणुकीआधी तिथल्या १३२ खासदारांनी परत लढणार नाही असं सांगितलं, थेरेसा मे पण त्यात होत्या. बरेच जण महिनोनमहिने आधी मतदारसंघाला पत्र लिहून सांगतात त्यामुळे स्थानिक पक्षाला नवीन माणूस शोधायला वेळ मिळतो. आपल्याकडे आधी जाहीर केलं की दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात कोणी फिरकत नाही ही भीती असते, म्हणून सगळे गप्प बसतात. ती भीती खोटी नाही, पण तेवढ्यासाठी लाखो मतदारांना अंधारात ठेवायचं हे पटत नाही.

मुंबईशी संबंध असलेलं नीट थांबल्याचं एखादं उदाहरण आहे का?

दोन सांगतो. पहिलं शिवाजी पार्कातलंच. डिसेंबर २००५ च्या शेवटच्या आठवड्यात भाजपच्या रौप्यमहोत्सवाच्या सभेत अटलबिहारी वाजपेयींनी जाहीर केलं की आता मी निवडणूक लढवणार नाही. भर सभेत, पुढच्या निवडणुकीच्या तीन वर्षांहून आधी. त्यांच्या लखनौ मतदारसंघाला पुढचा माणूस शोधायला भरपूर वेळ मिळाला आणि २००९ ला लालजी टंडन निवडून आले.

दुसरं राम नाईक. बोरिवलीतून तीनदा आमदार, उत्तर मुंबईतून पाचदा खासदार. १९६४ मध्ये गोरेगाव प्रवासी संघापासून सुरुवात केलेली, त्यामुळे लोकलच्या गर्दीचं त्यांना कुणी समजावून सांगायला लागायचं नाही, आणि खासदार निधीची योजना १९९३ मध्ये सुरू झाली त्यामागे पण त्यांचा पाठपुरावा होता. २००४ ला गोविंदाकडून हरले, २००९ ला संजय निरुपमांकडून. मग २०१३ मध्ये सांगितलं की आता लढणार नाही, पक्षाचं काम करेन. २०१४ ला गोपाळ शेट्टी उभे राहिले आणि जिंकले, नाईक नंतर उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की दरवर्षी केलेल्या कामाचा छापील अहवाल काढायचे, राज्यपाल झाल्यावर पण. राजकारण पटो न पटो, असा अहवाल मागे ठेवून जाणाऱ्याच्या मतदाराला रजिस्टरमधले रिकामे रकाने शोधत बसावं लागत नाही.

आमचे खासदार ह्यावेळी थांबतायत. निरोपाच्या कार्यक्रमात काय विचारायचं?

शाल-श्रीफळ द्या, मनापासून द्या, वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहणं सोपं नसतं. आणि त्याच कार्यक्रमात एक कागद मागा: कुठली कामं मंजूर होऊन अर्धवट आहेत, निधीत किती शिल्लक आहे, रेल्वे आणि कलेक्टर ऑफिसात कुठल्या विषयांचा पाठपुरावा चालू आहे आणि तो कुठल्या अधिकाऱ्याकडे. दोन पानं पुरतात. त्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला प्रचारात द्या आणि तुमच्या वॉर्डात सभा होईल तेव्हा पहिला प्रश्न त्या कागदावरून विचारा.